आंधळ्या कंदांची वाटणी

मी, खाली सही करणारी, शस्त्रक्रियागृहातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार याच घराचा तळमजला, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लाडीगोडी बऱ्याच जणांनी लावून पाहिली, ती वाया गेली. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर लागले तर वाचावा. याआधी केलेले मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे, कारण त्यात मी लोकांना माणसे समजून वाटण्या केल्या होत्या.

१) मी लग्न केले नाही. एका गृहस्थांशी जमत आले होते, पण त्यांनी माझ्यासमोर चावीने कान कोरला आणि तीच चावी टेबलावर ठेवली. विषय तिथेच संपला. त्यामुळे मला मूलबाळ नाही. रक्ताचे म्हणावेत असे दोघे आहेत. एक माझा धाकटा भाऊ, जो वरच्या मजल्यावर बायकोसह राहतो. दुसरा त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या. तो जागांची दलाली करतो, स्वतंत्र राहतो, आणि माझ्या तळमजल्याकडे गेली कित्येक वर्षे ज्या नजरेने पाहतो ती नजर मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या माणसालाही सहन करायला लावली नसती.

२) माझ्याजवळ सोने नाही. जे आहे ते मागच्या खोलीत आहे. तिथे पूर्वेच्या खिडकीखाली वाळूचे ट्रे आहेत आणि त्यांत माझा डेलिया आहे. ही जात जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, कारण ती मीच बियांपासून काढली. बियांची रोपे कशीही निघतात, आईबापांवर जातीलच असे नाही; माझीही बहुतेक टाकाऊच निघाली. हे एक निघाले. पाकळ्यांचा रंग भरत आलेल्या जखमेच्या कडेसारखा, मधोमध फिकट गुलाबी आणि टोकांना जांभळट. पाहणाऱ्याचा पाय निघत नाही. पुन्हा बी धरून तेच फूल मिळायचे नाही. ते राखायचे तर कंद तरी राखावे लागतात किंवा कोवळ्या कोंबाचे छाट लावून नवे रोप करावे लागते. छाट म्हणजे झाडाचे मूल नव्हे, तेच झाड.

त्या छाटासाठी स्वच्छता लागते. शस्त्रक्रियेचे धारदार पाते वापरायचे आणि ते दर झाडागणिक स्पिरिटने पुसायचे, नाहीतर एका झाडाचा रोग पात्यावरून सगळ्यांना लागतो. पाने पिवळ्या चट्ट्यांची होतात, फुले वाकडी येतात, आणि त्यावर औषध नाही. पुष्पप्रेमी मंडळाचे चिटणीस आपला चाकू पँटीला पुसतात. त्याच चाकूने ते सभेत पेरू कापून सगळ्यांना वाटतात. त्यांची अख्खी बाग आज पिवळी पडलेली आहे आणि ते त्याला खताची कमतरता म्हणतात. मंडळाच्या प्रदर्शनात माझ्या फुलाला चषक देताना त्यांनी बोटाला थुंकी लावून पाकळी वळवून पाहिली होती. ती पाकळी मी त्यांच्यादेखत कात्रीने कापून टाकली, तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते आहे.

३) आता या मृत्युपत्राचे कारण लिहिते.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात मी मांडीचे हाड मोडून रुग्णालयात पडले. जखम चिघळली, ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या भावाला सांगितले की जवळच्यांना कळवून ठेवा. त्याने कळवले. जवळचे लगोलग जमले. रुग्णालयात नव्हे, माझ्या घरी. पुतण्या आला. चिटणीस मंडळाच्या वतीने आगाऊ सांत्वन करायला आले. माझ्या पलंगाखाली कोरड्या वाळूच्या पेटीत डेलियाच्या कंदांचा झुबका होता, तो या दोघांनी आणि माझ्या भावाने ओढून बाहेर काढला. वाद नको म्हणून पुतण्याने माझ्याच स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. प्रत्येकाने टपोरे टपोरे कंद मुळ्यासारखे खुडले आणि तिघांनी अगदी सारख्या वजनाच्या वाटण्या करून घेतल्या. मधला जुन्या खोडाचा बुंधा काळपट आणि ओबडधोबड दिसत होता, तो पुतण्याने मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात भिरकावला.

मी मेले नाही. याबद्दल त्यांच्या मनात अजून अढी असावी.

घरी आल्यावर मी पेटी उघडली. भाऊ दारात उभा होता. "ताई, तू राहत नाहीस असंच सगळे म्हणाले," एवढेच तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरचा पोपडा नखाने काढत बसला. पुतण्याला फोन केला तर तो खूश होऊन सांगतो, "आत्या, मी मुद्दाम वजन केलं. उद्या कुणी म्हणायला नको की मला कमी मिळालं." मी फोन ठेवला आणि रिकामी पेटी स्पिरिटने पुसून काढली.

ज्यांनी वाटणी केली त्यांच्या माहितीसाठी लिहिते. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कसाही कापा, उगवतो. डेलियाच्या कंदाला डोळा असतो तो फक्त मानेशी, जिथे तो जुन्या खोडाला धरलेला असतो तिथे. खुडून घेतलेला कंद आंधळा. तो मातीत मुळे सोडतो, फुगतो, टुणटुणीत राहतो, पण त्याला कोंब कधीच येत नाही. सगळे डोळे त्या बुंध्यावर होते.

४) यास्तव मी खालीलप्रमाणे देते :

माझ्या भावाने, पुतण्याने आणि चिटणिसांनी माझ्या हयातीत उचललेले कंद मी त्यांना कायमच्या आणि निर्वेध मालकीने देत आहे. त्यावर माझ्या पश्चात कोणीही हक्क सांगू नये. भाऊ त्याच्या वाटणीला इनॅमलच्या मगात रोज पाणी घालतो आणि येता-जाता विचारतो, "अजून कसं येत नाही गं?" मी सांगते, धीर धर. पुतण्याने आपली कुंडी गॅलरीत ठेवली आहे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला ही आमच्या घराण्याची जात म्हणून दाखवतो. गिऱ्हाईक माती बघून मान डोलावते. चिटणिसांनी तर आपल्या आंधळ्या कंदासाठी मंडळाच्या खर्चाने पाटी रंगवून घेतली आहे.

पुतण्यास वरील कंदाशिवाय तो वजनकाटाही द्यावा. तो त्याने परत केलेला नाहीच. चिटणिसांना चषक परत करावा, देण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढावा, म्हणजे निदान एकदा तरी त्यांच्या हातात स्वच्छ वस्तू जाईल.

५) भावजयीबद्दल, म्हणजे वर उल्लेखिलेल्या भावाच्या बायकोबद्दल.

या बाईच्या स्वयंपाकघरात मी तिच्या लग्नाचे पहिले वर्ष सरल्यापासून पाऊल ठेवलेले नाही. ताटे, ओटा, लहान मुलाचे तोंड आणि सायकलची साखळी एकाच फडक्याने पुसणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही. तिच्याकडून आलेली वाटी मी नेहमी झाकण न उघडता परत पाठवली. तिने पाठवणे सोडले नाही, मी परत करणे सोडले नाही. हा आमचा संबंध.

बुंधा खड्ड्यात गेल्याचे तिनेच मला सांगितले. वाटणीच्या वेळी तिला कोणी विचारलेही नव्हते, ती चहा करत होती. मी वॉकर घेऊन खड्ड्याशी गेले, पण वाकता येईना. खड्ड्यात काय नव्हते? चहाचा चोथा, माशांची डोकी, विंचरलेल्या केसांचे गुंते, अंड्यांची टरफले, आणि त्या सगळ्यावर वळवळ. ती मागून आली आणि सरळ आत उतरली. मी रबरी हातमोजे पुढे केले.

"नको वन्सं, त्यातून कळत नाही काही, नुसता लगदाच लागतो," ती म्हणाली. "कसं दिसतं ते सांगा."

"किडक्या दाढेसारखं. वर खोडाचा तुकडा असेल."

ती चाचपत राहिली. मध्येच बाजूला जाऊन ओकली, तोंड पुसले आणि परत उतरली. मी म्हटले, पुरे आता. ती म्हणाली, "इथवर हात घातलाय तर बघतेच. हे आहे का? नाही, हाड आहे. हे?" कोपरापर्यंत बरबटलेल्या हाताने तिने वर धरला तो बुंधा होता. अर्धा सडला होता, पुवासारखे पाणी गळत होते. मी तो तिथेच नळाखाली धुतला, सडलेले कोरून काढले, राहिलेल्यावर गंधकाची पूड लावली आणि ओल्या वाळूत निजवला. बऱ्याच दिवसांनी एका डोळ्याला कोंब आला. त्याचे छाट लावले, ते जगले, मोसमात फुलले. जात राहिली ती एवढ्याच एका डोळ्यावर.

६) आता ती झाडे पुन्हा ट्रेमध्ये जागी झाली आहेत. कोंब बोटाएवढे वाढले आहेत. याच आठवड्यात छाट घेतले पाहिजेत, कारण मागच्या हंगामातले कंद बारके आहेत आणि ते पुढचा हिवाळा काढतील याची खात्री नाही. नवी रोपे झाली नाहीत तर हे फूल संपेल. मला ते करता येत नाही. माझे हात आता इतके थरथरतात की पाते कोंब कापत नाही, चेचते. माझ्या यकृतात काय झाले आहे ते मला माहीत आहे, मी अशी यकृते पाहिलेली आहेत, आणि फुले येईपर्यंत मी असणार नाही.

म्हणून हा डेलिया, सर्व ट्रे, पाती व त्यांच्या मुठी, चिमटे, स्पिरिटची बाटली आणि तळमजल्याच्या दोन्ही खोल्या मी माझ्या भावजयीस एकटीच्या नावे देत आहे. खोल्या झाडासाठी आहेत, असला उजेड वर नाही. पुतण्याने तिथे कचेरी थाटू नये, फलक लावू नये, गिऱ्हाईक बसवू नये. बँकेतली शिल्लक भावाला द्यावी. तो वाईट नाही, फक्त सगळे जे म्हणतात ते त्याला खरे वाटते.

तिच्यासाठी सूचना : छाट पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, किंचित खाली घ्यावा. खालची पाने काढावीत. पाते पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये. कांदा कापायची सुरी या खोलीत आणू नये. फडके तर मुळीच नको. पानांवर पिवळे चट्टे दिसले तर ते झाड मुळासकट जाळावे, खड्ड्यात टाकू नये, कोणाला देऊ नये, एकच उरले असले तरी जाळावे. <s>तिने ते न जाळल्यास या खोल्यांवरील तिचा हक्क संपून त्या विकाव्यात.</s>

७) वरचा मजकूर मी काल तिला वाचून दाखवला. त्या वेळी ती माझ्यादेखत पहिला छाट घेत होती. पाते तिने न सांगता पुसले होते. काप सरळ आला होता, मी चष्मा लावून दोनदा पाहिला, खोड काढण्यासारखे काही सापडले नाही.

"एकच उरलं असलं तरी जाळायचं?" तिने विचारले. "तुमच्या हातचं झाड?"

"हो. तुला जमेल. तुला ते फूल आवडतही नाही."

"नाहीच आवडत. रंग बघितला की आजारी माणूस आठवतं."

"म्हणूनच तुला देतेय. ज्यांना फार आवडत होतं त्यांनी वजनकाटा आणला."

तिने छाट वाळूत खोचला, भोवतीची वाळू बोटांनी दाबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला झाड आवडत नाही म्हटलं, वन्सं. तुम्ही आवडत नाही असं कधी म्हटलं होतं का मी?"

मी पेन घेऊन शेवटची अट खोडली. जाळायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे. खोल्या कोणत्याही परिस्थितीत तिच्याच राहतील. खोडलेल्या ओळीशेजारी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी आज सह्या केल्या आहेत, त्यामुळे पुतण्याने त्यावरून वकील गाठू नये.

अट खोडताना माझा हात थरथरत होता, तेव्हा तिने तो धरला. तिची बोटे वाळूने आणि चिकाने भरलेली होती. मी हात सोडवून घेतला नाही.

येणेप्रमाणे लिहून, पुन्हा वाचून आणि बरोबर असल्याची खात्री करून, दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली आहे. त्या वेळी भावजयीला, सहीसाठी बोलावलेल्या माझ्या वकीलबाईंनी नियमाप्रमाणे खोलीबाहेर बसवले होते. अंमलबजावणीचे काम वकीलबाईंकडे राहील.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : सहीखाली, माझ्या हाताने

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. समोरच्या दुकानातले घड्याळजी (सही)
२. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)