झाकणातले चार स्क्रू

अगं,

परवा नवी सिस्टीम टाकल्यावर कॉम्प्युटर छान चालला होता. आज तू लवकर गेलीस, मी लावला तर नुसती काळी स्क्रीन. सेटिंग बदलून पाहिलं, वायरी काढून परत लावल्या. शेवटी सीपीयू उघडला, तर तुझ्या फोटोंची जुनी डिस्क जागेवर नाही. परवा सिस्टीम सुरू करणारा भाग माझ्या चुकीने तिच्यावरच गेला होता, म्हणून ती नसताना काहीच सुरू होईना.

चोराने स्क्रू कुठेही टाकले असते. हे चारही बाटलीच्या झाकणात नीट ठेवलेत. घरात असं फक्त तूच ठेवतेस.

ड्युटीला निघालोय, दूध तापवलंय. तुझे कपडे आहेत का बघायला कपाट उघडायचा धीर झाला नाही. संध्याकाळी तूच उघड, माझ्यासमोर.