फोफीबाईंच्या पलंगाशेजारचा फोटो

आसाफो, कुमासी
मंगळवार, दुपार

तीर्थरूप अंत्वीमामा,

तुमच्या धाकट्या बहिणीची धाकटी मुलगी दुफी हिचा, मान वर न करता केलेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कोकोच्या झाडांना यंदा शेंगा बऱ्या धरल्या का? मामींचा आवाज कसा आहे? (तो उत्तमच असणार, रीत म्हणून विचारलं.) इकडे आई बरी आहे, भाऊ बरे आहेत, नळाला पाणी येतं. मी बरी नाही, पण ते औषधानं जाण्यासारखं नाही.

तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन होता की. फोन आहे, पण तो मामींच्या हातात असतो, आणि मामी तो स्पीकरवर टाकून फुफूचे कंद कुटत बसतात. मग माझं बोलणं तुमच्या आधी शेजारचे पाद्री ऐकतात आणि रविवारी प्रवचनात नाव न घेता वापरतात. मला जे सांगायचं आहे ते तुम्हा एकट्यापर्यंत जायला हवं. कृपा करून वाचताना ओठ हलवू नका. मामींना ओठांवरून कळतं.

ईस्टरला तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत की ही पोर फोनवर कपड्यांचे फोटो टाकते, म्हणजे नेमकं करते काय. मी ताठ मानेनं सांगितलं होतं की आपल्या लोकांच्या पोशाखाची परंपरा मी जगापुढे मांडते. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि सूपचं भांडं पुढे ओढलंत. त्या 'बरं'चा अर्थ मला आत्ता कळतोय. तर आता खरं सांगते. माझ्या ब्लॉगचं नाव 'शनिवारची दुफी'. राजधानीतल्या, अक्राच्या ब्लॉगवाल्या मुली लग्नातले कपडे दाखवतात, आणि त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, गाड्या आहेत, समुद्र आहे. माझ्याकडे कुमासीचा शनिवार होता. शनिवारी आपलं अख्खं शहर कोणाच्या ना कोणाच्या अंत्यविधीला जातं, आणि शहरातली सगळ्यात चांगली शिलाई मांडवाखाली बसलेली असते. ती दाखवणारं कोणी नव्हतं. जागा रिकामी दिसली, मी बसले.

काम कसं चालतं तेही ऐका. शुक्रवारी मी आणि माझी मैत्रीण अदोमा (दात पुढे असलेली, तुम्ही तिला पाहिलंय) भिंतींवरची मयतांची पोस्टरं वाचत हिंडतो. पोस्टर मोठं आणि रंगीत असलं, खाली नातेवाइकांची नावं भरपूर असली आणि त्यांत लंडन, हॅम्बर्ग असं काही असलं, की समजायचं, इथे लेस भारी येणार. गेलेलं माणूस वयानं पिकलेलं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मग काळ्याबरोबर पांढरंही चालतं आणि पांढरं फोटोत उठून दिसतं. (हे वाक्य लिहिताना मला लाज वाटली. पुढे आणखी वाटणार आहे, म्हणून इथे थांबत नाही.) शनिवारी आम्ही काळं नेसून जातो, रांगेत बसलेल्या सगळ्यांशी रीतीप्रमाणे हात मिळवतो, पडेल चेहऱ्यानं खुर्चीवर टेकतो. आपल्याकडे दुःखाला आलेल्या माणसाला 'तू कोणाची' असं कोणी विचारत नाही. हा आपल्या लोकांचा मोठेपणा, आणि माझा सगळा ब्लॉग त्या मोठेपणावर चालतो. वर पाण्याची पिशवी आणि भाताचा डबा मिळतो, तो आम्ही घेतो.

मग फोटो, आणि फोटोखाली मजकूर. 'पुष्कळ मैत्रिणींनी विचारलं म्हणून सांगते' असं मी लिहिते तेव्हा फक्त अदोमानं विचारलेलं असतं, आणि तेही मी विचारायला लावलेलं. पहिली प्रतिक्रिया अदोमाची, दुसरी आमच्या शिवणवालीची, तिसरी माझीच, दुसऱ्या नावानं. बाजारातली एक लेसवाली मला कापड फुकट देते, आणि मी लिहायचं असतं की मी ते जीव जडला म्हणून घेतलं. आणि हे सगळं कशासाठी, तर मामा, कोणीतरी बघावं म्हणून. एवढंच. मी वर्गात कधी कोणाच्या लक्षात राहिले नाही. बाईंनी सबंध वर्षभर मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि मी 'हजर' म्हणत राहिले. आता कुठल्यातरी परक्या गावची बाई 'किती सुंदर दिसतेस' असं लिहिते, आणि त्या दिवशी मला साधा उकडलेला कासावाचा कंदसुद्धा गोड लागतो. परंपरा वगैरे ईस्टरपुरतं होतं.

आता मुद्द्यावर येते. (तुम्ही मघाच 'मुद्दा, मुद्दा' म्हणाला असाल, आणि मामींनी 'कसला मुद्दा' विचारलं असेल. तेलाचं बिल आहे म्हणून सांगा.) गेल्या वर्षी शहराच्या दुसऱ्या भागात, बांतामाला, फोफीबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई वारल्या. पोस्टर भिंतभर होतं. आम्ही गेलो. बाईंना पितळी पलंगावर सजवून ठेवलं होतं, आणि सगळे चांगले दिवे त्या पलंगाभोवती लावलेले. माझ्या अंगावर लेसवालीचं नवं कापड, बाह्या फुगीर. अदोमा म्हणाली, उजेड तिथेच आहे, पलंगाशेजारी जाऊन उभी राहा. मी राहिले. ती पुढे म्हणाली, "खांदे पाड, दुःखी दिस, पण हातातली पिशवी दिसू दे." तेवढ्यात माझ्या खोट्या पापण्यांचा डिंक दिव्यांच्या धगीनं वितळून डोळ्यांत गेला. मामा, मिरचीची पूड गेलेली परवडली. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या, मी पलंगाची दांडी धरून वाकले, आणि अदोमानं फोटो काढला. मागच्या बायका आपसात म्हणाल्या की बघा, परक्या पोरीला केवढा उमाळा. एकीनं माझी पाठ थोपटली आणि मला दोन डबे दिले.

तो फोटो मी टाकला. खाली लिहिलं, 'शेवटचा निरोप घेतानाही बाह्या नीट बसायला हव्यात,' आणि त्याखाली शिवणवालीचा नंबर. माझा इतका पाहिला गेलेला फोटो आधी नव्हता आणि नंतर नाही. अक्राच्या त्या मुलींपैकी एकीनंही तो पुढे पाठवला. मी आठवडाभर हवेत होते. फोफीबाई कोण, काय करायच्या, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या आयुष्याची पुस्तिका मांडवात वाटली होती, ती हलवून मी वारा घेतला आणि खुर्चीवर ठेवून आले.

मग हॅम्बर्गहून निरोप आला. फोफीबाईंची मुलगी, आग्येइवा. तिकडे दवाखान्यात परिचारिका आहे. तिनं लिहिलं होतं की कागदपत्रं अडकल्यामुळे मला आईच्या अंत्यविधीला येता आलं नाही, फोटो शोधताना तुझा दिसला, आमच्या घरातलं कोणी असं रडलेलं मी पाहिलं नाही, तू कोण आहेस गं? शेवटी लिहिलं होतं, माझ्या जागी तू रडलीस.

त्या वेळी मी 'ताई, तो डिंक होता' एवढं लिहायला हवं होतं. मी लिहिलं की मी शाळेत जाताना तुमच्या दारावरून जायचे आणि फोफीबाई मला संत्रं सोलून द्यायच्या. का लिहिलं, विचारू नका. तिला बरं वाटावं म्हणून, असं मी अदोमाला सांगते. खरं म्हणजे कोणीतरी मला इतक्या चांगल्या मुलीत मोजलं होतं आणि मला त्यातून बाहेर पडवेना. पुढच्या रविवारी तिचा फोनच आला. त्याच्या पुढच्याही. दर रविवारी ती म्हणायची, आईचं आणखी काही सांग. माझी संत्री लवकरच संपली, मग हाताला लागेल ते देऊ लागले. माझ्या आईची शिस्त दिली, अदोमाच्या आत्याचं चर्चमधलं गाणं दिलं. आणि मामा, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याशी उभं राहून भांडायची तुमची सवय मी फोफीबाईंना देऊन टाकली. आग्येइवाताई इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. तिच्या त्या हसण्यासाठी मी रविवारची वाट बघायला लागले. ब्लॉगवर किती लोक आले ते बघायचंही विसरायची.

आता फोफीबाईंचं वर्ष भरतंय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी विधी आहे. ताई येतेय. विधीला घरचे सगळे एकसारखं घालतात त्या कापडातून तिनं माझ्यासाठी तुकडा पाठवलाय आणि सांगितलंय की तू पाहुण्यांत बसायचं नाहीस, घरच्यांत, माझ्या शेजारी बसायचं, आणि उठून आईबद्दल दोन शब्द बोलायचे. ते कापड माझ्या खाटेवर पडलंय. आजवर कापड आलं की मी आधी गळा कसा शिवायचा ते बघायची. याला मी हात लावलेला नाही. घरच्यांचं कापड, मामा. ते मला कोणत्या तोंडानं घालता येईल? बांतामाच्या सगळ्या म्हाताऱ्या तिथे असतील. एकीनं जरी विचारलं की शाळा आसाफोला आणि तू बांतामावरून कशी जायचीस, तर माझं तर जाईलच, आईचं आणि तुमचं नावही जाईल. पण खरं सांगू, मला त्याची भीती कमी आहे. ताई माझ्याकडे वळून बघेल, त्या बघण्याची जास्त आहे.

मला तुमच्याकडून काही नको. घरच्या मोठ्या माणसाला कळलेलं असावं, एवढ्यासाठीच लिहिलं. गुडघ्याला शेक घेत जा. मामींना नमस्कार, पण कारण सांगू नका.

जमिनीकडे बघणारी,
तुमची भाची दुफी

ता. क. काही नको असं वर लिहिलं ते खरं नाही. मला हवं आहे. आपल्यात अपराध्यानं स्वतःच्या तोंडानं माफी मागायची नसते, घरचा मोठा माणूस बाटली घेऊन पुढे जातो आणि अपराधी मागे मान घालून बसतो. तुम्ही त्या शनिवारी याल का? विधी सुरू व्हायच्या आधी, ताईपुढे. स्नॅप्स दारूची बाटली बरी आणा, गेल्या वेळच्या लग्नात नेलीत तशी अर्धी भरलेली नको. 'आमची पोर मूर्ख आहे' इथून सुरुवात केलीत तरी चालेल. मी ब्लॉगवरचा तो फोटो काढून टाकलाय. (अदोमाकडे आहे अजून. तिलाही सांगते.)

ता. क. दुसरा, बुधवार सकाळ. पत्र गाडीवाल्याकडे द्यायला निघाले होते तेवढ्यात ताईचा फोन आला, आज रविवार नसताना. कापड शिवायला टाकलंस का, हे विचारायला. मला तुमची वाट बघायला हवी होती, रीत मला माहीत आहे, पण माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डिंक, बाह्या, शाळा, तुमचा रेडिओ.

मग ती म्हणाली, "दुफी, आमच्या घरात रेडिओच नव्हता. आईला त्याचा आवाज सहन व्हायचा नाही."

म्हणजे तिला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग ताई, तुम्ही फोन का करत राहिलात? ती म्हणाली, "आईचं नाव काढायला मला दुसरं कोण होतं? घरचे माझा फोन उचलत नाहीत. तू उचलायचीस."

मग तिनं तिचं सांगितलं. कागदपत्रं अडकलेली नव्हती, मामा. ती केव्हाच तयार झाली होती. मायलेकींचं भांडण होतं, कशावरून ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिनं पितळी पलंगाचा खर्च पाठवला, दिव्यांचा पाठवला, आणि आली नाही. घरच्यांनी निरोप दिलाय की वर्षाच्या विधीला यायचं तर आधी सगळ्यांपुढे माफी मागायची, नाहीतर मांडवाबाहेर बसायचं. पण तिच्या बाजूनं बोलणारा मोठा माणूस उरलेला नाही. जे बोलू शकतील ते सगळे रागावलेल्यांच्या रांगेत बसणार आहेत. मला शेजारी बसवायचं होतं ते त्यासाठी. एकटीनं तिथे जायची तिला हिंमत होत नव्हती.

फोन ठेवताना तिनं फार हळू विचारलं की तुझे मामा परक्या मुलीसाठी बोलतील का. मी तुम्हाला न विचारता हो म्हणून टाकलंय.

तेव्हा मामा, एक नको, दोन बाटल्या आणा. आधी तिच्यासाठी माफी मागा. माझं नंतर, वेळ उरला तर.