डाव्या डोळ्यातला ठिपका

३ तारीख

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

एका हाताने लिहिते आहे. दुसऱ्या हातात तुमच्या नातीचा पाय आहे. सोडला तर ती पलंगावरून थेट खाली. सव्वा वर्षाची झाली, पण भीती कशाशी खातात माहीत नाही. आज दाराच्या चौकटीवर आपटली. परवाही तिथेच, त्याच बाजूने. धांदरटपणा आईकडून आला, असं ह्यांचं म्हणणं.

कॅमेरा घेतला. नवशिक्याला देतात तसला, सोबत झूम लेन्स. आमची मागची खोली अंधारी. फ्लॅशशिवाय सगळं हललेलं येतं आणि फ्लॅश मारला की घरची माणसं पकडलेल्या चोरांसारखी दिसतात. दुकानदार म्हणतो, झूम नसलेली एक लेन्स घ्या, पस्तीस मिलिमीटर नाहीतर पन्नास. पस्तीस महाग आहे, पन्नास आवाक्यात. तुम्ही चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलात. तुम्ही सांगाल ती घेते.

तीन फोटो पाठवते. हसू नका. फ्लॅशमुळे हिचा उजवा डोळा लाल आला आहे आणि डावा पांढरा, चमकणारा. तिन्हींत तसंच. तेव्हापासून हे तिला माऊ म्हणतात. आता तीही त्याच नावाला वळून बघते.

लोभ आहेच; यावेळी उत्तरही असू द्या.

तुमची,
ठमी


९ तारीख

चि. ठमीस अ. आ.

पन्नास घे. शंका असेल तर झूमची कडी पन्नासवर आण, वर चिकटपट्टी लाव आणि दोन दिवस तशीच वापर. माणूस फोटोत मावावा म्हणून मागे सरकताना पाठ भिंतीला लागेल, चिडशील. पण चेहरा हवा असेल तर पन्नासच. लेन्सचं तोंड मोठं उघडतं, खिडकीच्या उजेडावर भागतं. फ्लॅश कपाटात टाक. डोळ्यांची ती कटकटही आपोआप जाईल.

जुनी मिळाली तरी घे. फक्त उजेडाकडे धरून आरपार बघ. आत पांढरट काही दिसलं तर ती बुरशी. तशी लेन्स घेऊ नकोस.

तीनपैकी बरा फोटो मी दुरुस्त केला आहे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नाही. सगळ्यात बारीक कुंचला, काळ्या रंगाचा एकेक थेंब. दोन्ही डोळे आता सारखे आहेत. मामी म्हणते, एवढं मन लावून माझा फोटो कधी केला नाहीत. तो सोबत पाठवतो. दोन माझ्याकडे ठेवतो.

लोभ आहे, तो मोजून मागू नये.

तुझा मामा


११ तारीख

ठमे,

लेन्स राहू दे. माऊला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. लगेच.

काल कुंचला धुताना माझंच वाक्य आठवलं. उजेडाकडे धरून बघ, आत पांढरं दिसलं तर घेऊ नकोस. हे मी लेन्सबद्दल लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. मग उरलेले दोन फोटो भिंगाखाली धरले. एकात ती समोर बघते आहे, एकात खिडकीकडे. पांढरं मात्र त्याच डोळ्यात. डोळा लाल येतो तो मागच्या रक्तामुळे. लाल येत नाही तेव्हा मध्ये काहीतरी असतं.

काही नसेलही. मी डॉक्टर नाही. पण मी हे एकदा पाहिलं आहे, म्हणून लिहितो. दुकानात एक बस कंडक्टर आणि त्याची बायको मुलाला घेऊन आली होती. असाच डोळा. मी तो काळा करून दिला. दोघं खूश होऊन गेली. दोन वर्षांनी त्यांनी तोच फोटो मोठा करून मागितला, भिंतीवर लावायला. मुलगा सोबत नव्हता. मी काही विचारलं नाही. फोटो मोठा करून दिला.

हे मामीलाही सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे फोन नाही, म्हणून आज जावईबापूंच्या कारखान्यात फोन लावला. ते जागेवर नव्हते. काय निरोप देऊ, असं फोन उचललेल्या माणसाने विचारलं. परक्याला हे सांगवेना. म्हटलं, काही नाही, लेन्सबद्दल होतं.

दोन्ही फोटो सोबत आहेत. हे दाखव. मी रंगवलेला फाडून टाक. आणि एक कर. ती खेळत असताना तिचा उजवा डोळा झाक, मग डावा. काय करते ते बघ.

मीही पंधराला निघतो, त्याआधी गाडीचं तिकीट नाही. पत्र माझ्याआधी पोचेल.

मामा


१६ तारीख, संध्याकाळ

ती. मामांस,

तुम्ही वाटेत असाल. हे पत्र टाकायला जाणार नाही. तरी लिहिते. हाताला काम हवं.

तुमचं पहिलं पत्र बाराला आलं. मी त्याच दिवशी लेन्स घेतली. खिडकीशी बसवून अख्खा रोल काढला. दोन्ही डोळे काळे, टपोरे. तुम्ही रंगवलेला फोटो शेजारी ठेवून मी ह्यांना म्हटलं, बघा, चांगली लेन्स असली की फरक पडतो. मामांचा लेन्सबद्दल फोन होता, असा निरोपही आला होता. आम्ही हसलो. म्हटलं, मामांना दम निघत नाही.

दुसरं पत्र आज दुपारी आलं.

ती डब्यात चमचे टाकत बसली होती. मी आधी डावा डोळा झाकला. ती चमचे टाकत राहिली. मग उजवा झाकला. तिने माझा हात ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा ती किंचाळली आणि चमचा माझ्या तोंडाच्या दिशेने फेकला. तो भलतीकडेच गेला.

हे आले तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांनी पत्र वाचलं. नवे फोटो पुन्हा बघितले आणि म्हणाले, ह्यात तर काही नाही. मामा, मला दहा मिनिटं तेच खरं वाटलं. चौकट तिच्या डाव्या हाताला येते, हे मला इतके दिवस का दिसलं नाही?

मग त्यांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली. ती वळली नाही.

उद्या सकाळी नऊ वाजता डॉक्टरांनी बोलावलं आहे. लोभ असू द्या. त्याहून जास्त काही मागायची आज छाती नाही.

ठमी

ता. क. १७ तारीख. सकाळी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले, खोलीत अंधार केला आणि बराच वेळ बघितलं. डाव्या डोळ्यात गाठ आहे. उजवा स्वच्छ आहे. डोळा वाचेल असं ते म्हणाले नाहीत. मूल वाचेल असं म्हणाले, उशीर केला नाही तर. परवा मोठ्या रुग्णालयात दाखल करायचं आहे. मी तिन्ही फोटो पुढे ठेवले. दोन त्यांनी कागदांना लावून घेतले. तुमचा परत दिला.