उंच टाकीचं काम

१९ जानेवारी १९५७, परभणी
वाल्मीक गेला! पाण्याच्या टाकीच्या खांबावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकत होता, ह्यांच्याच जोडीला. फळी दवानं ओली — पाय सटकला. ह्यांनी धरला होता म्हणे. सदऱ्याची बाही तेवढी हातात राहिली. ह्यांना दोर लावून खाली उतरवलं.

२० जानेवारी
इथंच अग्नी दिला. वाल्मीकचा भाऊ बोरीहून आला होता. वाल्मीकची बायको चतुराबाई कालच बाळंत झालीय. तिला सांगायचं कुणी?

२६ जानेवारी
हे चढायला गेले. शिडीला हात लावला अन् परत फिरले. गुत्तेदार सगळ्यांदेखत — "सेंट्रिंगवाला वर चढणार न्हाई, तर खाली काय पूजा करणार? खोपटं रिकामं करा!" मी म्हणाले, मी घमेलं उचलते, खोपटं राहू द्या. हे बघतच राहिले माझ्याकडं.

४ फेब्रुवारी
हात सोलले. मान धरली.
काळ्या मातीत काईच उभं ऱ्हात न्हाई — पावसात फुगते, उन्हात चिरते. म्हणून मुरूम लागंपर्यंत खांदलं, मग खांब उठवले. खांब उंच गेले की वारा ढकलतो. मधीमधी आडव्या तुळया घालून सगळे एकमेकांना बांधायचे. हे सगळं मला कुणी शिकवलं? ह्यांनीच! लग्नाच्या नव्यात, अंगणात काडीनं रेघा वढून. आता तुळईचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात.

१२ फेब्रुवारी
टाकीचा तळ भरला. एकदा सिमेंट-खडीचा माल टाकायला लागलं की थांबता येत न्हाई. जोड राहिला तर पाणी पाझरतं. अंधार पडंपर्यंत रांगेनं घमेली वर. वरून पिंगळीकडं जाणारी आगगाडी दिसली. लय ग्वाड वाटलं — अन् लगेच लाज वाटली. खाली हे खोपटात, कुडाकडं तोंड करून.

१३ फेब्रुवारी
"बायकोच्या जिवावर जगायलोय." दिवसभरात एवढंच बोलले. जेवले न्हाईत.

२२ फेब्रुवारी
हे रुळाकडं चालले होते. मी घमेलं टाकून मागं पळाले. "मोकळा होऊ दे, नर्मदे," मला म्हणाले. हात धरून आणलं. आज आणलं. उद्या? मी वर असताना?
देवाला बी काई मागावंसं वाटत न्हाई.

१ मार्च
चतुराबाई आली. सव्वा महिना सरला तशी उठून आली. लेकरू माझ्या मांडीवर दिलं, गुत्तेदारापुढं उभी राहिली. "माझा माणूस कुठून पडला, ते दाखवा."
"खालूनच बघा, बाई."
"खालून नगं."
मग ती ह्यांच्याकडं वळली. "भावजी, तुमी जोडीला होतात. तुमी दाखवा."
ह्यांनी मान खाली घातली. "वहिनी, माझ्या हातून सुटला तो."
"सुटला, ठावं हाय. धरला होता, ते बी ठावं हाय."
हे उठून भाईर गेले. जेवणाला बी आले न्हाईत. मी दारातच बसून.

२ मार्च
हे सकाळीच शिडीपाशी उभे होते. चतुराबाई पुढं, हे मागं. दोघं वर गेले. लय उशीर झाला. मग चतुराबाई एकलीच खाली आली. मी वर बघितलं, हे दिसंनात.
तिनं लेकरू घेतलं, पदराखाली धरलं.
"फळी ढिली हाय म्हणाले. बांधायलेत."