दादाचं गणिताचं पुस्तक

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, तेव्हा उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

दादाच्या पुस्तकांचं पार्सल मिळालं. क्लासचे सर म्हणाले, ही जुनी झाली, प्रवेश परीक्षेसाठी नवीन संच घे. तो घेतलाय. पण गणिताला मी दादाचंच पुस्तक वापरणार.

त्यातलं त्याचं पेन्सिलीचं लिखाण तू पानन्‌पान खोडलंस. बाबा फोनवर सांगत होते, कुणाला हात लावू दिला नाहीस म्हणे. "अगदी नव्यासारखं करून पाठवलंय," असं चिठ्ठीत लिहिलंस. खरंच, एक पान चुरगळलेलं नाही गं. खांदा दुखतोय का अजून? शेकतेस ना?

आई, एक सांगते, पण वाईट वाटून घ्यायचं नाही. तो गेल्यावर त्याचं तेवढंच अक्षर उरलं होतं, म्हणून मी ती पुस्तकं मागवली होती.

पण ते पुसलं गेलेलं नाही. तो पेन्सिल किती दाबायचा! "कागदाला भोक पाडशील," म्हणून तू ओरडायचीस ना, तसाच. पान खिडकीशी तिरकं धरलं की सगळे ठसे दिसतात.

काल एक गणित माझं सारखं चुकत होतं. पान तिरकं धरून पाहिलं, तर तोही नेमका तिथेच अडकला होता. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं तिथेच बसलो.

परीक्षा झाली की पुस्तक घरी आणते. उजेडात बसून तूही बघ.

तुझं शेंडेफळ