पुढे छत्री, मागे खताची गाडी

३ मार्च

खताची गाडी, लॉनवर ढकलत खत टाकायची ती, मोडली! दांडा माझ्या हातात, डबा जमिनीवर आणि सगळं खत पायरीशी ढिगाने.

हे गेल्यानंतर आज पहिल्यांदाच लॉनवर उतरले. गवत पिवळं पडलंय, आणि रविवारी भाऊजी बोलून गेल्यापासून मला चैन नाही. "वहिनी, लॉन आता कुणासाठी ठेवायचं? फरशी घालून टाकू. आणि महिनाअखेर आईला मी माझ्याकडे नेतो." आई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. दिवसभर खिडकीत बसतात. बॅग मात्र भरून दाराशी उभी आहे.

राहा म्हणायला हवं होतं. मला कधी वेळेवर बोलता आलंय?

असो. डबा गंजून चाळण झाला होता. रासायनिक खत म्हणजे एक प्रकारचं मीठच, लोखंड खातं. ह्यांनी गाडी कधी धुतली नाही. "पावसात धुतली जाते की!"

४ मार्च

नवीन गाडी घेतली!!

दुकानदार म्हणाला, "ताई, मशीनचं काम आहे, साहेबांना घेऊन या." म्हटलं, साहेब नाहीत. "मग ते आले की या!" आणि मला हसू फुटलं. भर दुकानात! थांबेचना. ह्यांना सांगितलं असतं तर तेही असेच हसले असते. दुकानदाराला वाटलं हिचं डोकं फिरलंय. बिचाऱ्याने खुर्ची दिली.

मी बसले नाही. एकेक गाडी उलटी करून पाहिली. चकचकीत पत्र्याची होती — नको, एक झाली तेवढी पुरे. दुसरीच्या दातेरी चक्राचे दाते उघडे, खताची भुकटी जाऊन अडकणार. तिसरी जाड प्लास्टिकच्या डब्याची, दांडी न गंजणारी, दाते झाकलेले, चाकं हवेची. रंग भडक लाल. महाग आहे. घेतली.

घरापर्यंत ढकलत आणली. चाकं फिरली की डब्याखालची खत उडवायची तबकडी गरगर फिरते. उतारावर मी पळाले. या वयात! समोरून येणारा पोस्टमन बाजूला झाला.

खिडकीतून आई — "हे काय, कुणाच्या बाळाची गाडी?"

"खताची."

"पत्रा नाही ना?"

"नाही."

"मग ये आत."

कितीतरी दिवसांत इतकं बोलल्या नव्हत्या.

६ मार्च

खत टाकलं. आमची पद्धत अशी — हे गाडी ढकलायचे आणि मी वाट दाखवायला मिटलेली छत्री घेऊन पुढे चालायची. आधीचं खत जिथपर्यंत पडलं त्याच्या कडेने. माझ्या मागे मागे हे. "सरळ चाल गं, घराकडे बघू नकोस!" आज पुढे कोणी नव्हतं. मी घराकडे फार वेळा बघितलं.

काम झाल्यावर गाडी धुतली, पुसली, उलटी ठेवून सुकवली, चाकांच्या आसाला तेल दिलं. पुसायला ह्यांचा टॉवेल घेतला. हातात धरून बराच वेळ उभी होते. मग पुसली.

७ मार्च

पाणी दिलं. अजून पिवळंच. थोडा धीर धर, बाई.

१६ मार्च

हिरवं आलं! पण पट्ट्यापट्ट्यांनी! एक पट्टा हिरवागार, एक पिवळा, तोही वाकडातिकडा. आईंनी खिडकी उघडली, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर त्याच्या पायजम्याचं कापड!"

मी पायरीवर बसून हसले. आई खिडकीत हसल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसणं थांबेना. मग दोघींनी डोळे पुसले. मग पुन्हा सुरू!

१८ मार्च

आई खाली आल्या!

मी फक्त पिवळ्या पट्ट्यांवर खत टाकायच्या तयारीत होते. बघते तर पायात चपला, हातात छत्री. "चल. माझ्याकडे बघ, घराकडे नको." म्हणजे खिडकीतून सगळं बघितलं होतं तर!

पण चालतात गोगलगायीसारख्या. म्हटलं, "आई, जरा भरभर! हळू गेलं की तबकडी फिरत नाही, खत पायाशीच पडतं."

"आधी सांगायचंस की!" आणि निघाल्या! छत्री पुढे धरून, साडी खोचून, तरातरा. मला गाठता येईना. "सूनबाई, मागे का पडतेस? तुझी तर नवी गाडी आहे!"

खत उरलंय. गाडीत ठेवलं तर ओल धरून दगड होईल, आणि पोत्याचं तोंड फाटलेलं. आईंना म्हटलं, कशात ठेवू? "बघू," म्हणाल्या.

२७ मार्च

लॉन सगळं एकसारखं हिरवं. आणि भाऊजी फरशीवाल्याला घेऊन आले. त्याने टेप काढली, गवताकडे बघितलं, म्हणाला, "हे उखडायचं?" भाऊजी म्हणाले, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू. मग आईंना — "तयारी झाली ना? उद्या न्यायला येतो." आईंनी नुसतं दाराकडे बोट केलं. दाराशी बॅग होतीच.

राहा म्हणायचं पुन्हा राहिलं. जाऊन गाडीला तेल दिलं. कालच दिलं होतं.

२८ मार्च

भाऊजींनी बॅग उचलायला हात घातला. उचलेना. "आई, दगड भरलेत की काय?"

"खत आहे. बॅगेचं झाकण घट्ट बसतं, ओल लागत नाही."

"आणि तुझे कपडे?"

"कपाटात लावले. तुझी वहिनी वाकडी चालते रे. पुढे कुणीतरी हवं."