जांभळा पदर आणि मॉनिटर

शनिवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. नवा कॉम्प्युटर माझा, गेम मी खेळणार, मावशीच्या दुकानातल्या येवल्याच्या पैठण्यांचे व्हिडिओ मी एडिट करणार. आणि दुकानदार पार्ट समजावतोय दादाला! मी काय शोभेला गेले होते? दादा म्हणालासुद्धा, "मी फक्त सोडायला आलोय."

"गेमला हाच मॉनिटर भारी," दुकानदाराचं आपलं चालूच. मग मी पिशवीतून जांभळी पैठणी काढली, तिचाच व्हिडिओ त्या मॉनिटरवर लावायला सांगितला आणि पदर शेजारी धरला. पडद्यावर चक्क निळी!

"एवढं कोण बघतं?"

गिऱ्हाईक बघतं. मावशीकडे बायका साडी दारात, उजेडात नेऊन पारखतात. मीही पदर धरूनच उभी राहिले. तिसऱ्या मॉनिटरवर जांभळा जांभळाच दिसला.

"ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू, ताई?" आता माझ्याकडे बघून.

मी आधी पदराची घडी घातली, सावकाश. मगच सांगितलं.